चांदणीमागची अट

शिलाई मशीन जिन्यावरून उतरवताना हमालाने ती भिंतीला घासली, तशा सुंदरावहिनी वरून म्हणाल्या, "बाबा, हळू ने रे." घरातून चाललेल्या मशीनची आता कसली काळजी, म्हणून मी त्यांना चिडवलंही. मी त्यांची शेजारीण, बेलवलीत आमची भिंतीला भिंत आहे. त्या नुसत्या हसल्या.

पायाची मशीन होती ती. वहिनींच्या मालकांनी तिच्या पायट्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवली होती, अनवाणी पाय घसरू नये म्हणून. ते गेल्यावर त्याच मशीनवर वहिनींनी धम्मदीपला वाढवला. बाबासाहेबांची जयंती जवळ आली की आळीतल्या बायकांचे पांढरे ब्लाउज त्यांच्याच हातचे.

धम्मदीप अंबरनाथला कारखान्यात लागला आणि आईचे सुजलेले गुडघे त्याला बघवेनात. सायबर कॅफेत त्याला एका वेबसाइटवर जाहिरात दिसली. जुनी मशीन द्या, मोटारची नवी निम्म्या किमतीत घ्या. अक्षरं कशी, आंधळ्यालाही दिसावीत अशी. पोराने हौसेने नाव-पत्ता भरला.

जुनी त्या हमालाबरोबर गेली, नवी काही येईना. शेवटी त्याने फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, तुमची मशीन तपासणीत बाद झाली, पाच वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, नवी हवी तर पूर्ण किंमत भरा. नवी नको, आमची परत द्या, असं तो म्हणाला, तर बाद झालेली वस्तू परत देत नाहीत, तशी अट आहे म्हणे. ही अट होती कुठे? तर जाहिरातीच्या शेवटी चांदणीची एक बारीक खूण, ती दाबली की दुसरं पान, आणि त्याच्या अगदी तळाला. मेल्यांनो, वर मोठ्याने लिहायला काय शाई संपत होती? पडद्यावर कसली आलीय शाई! धम्मदीप आईच्या नजरेला नजर देईना. मला त्या पोराची दया येत होती आणि त्या वेबसाइटवाल्यांचा असा संताप, की सांगता सोय नाही.

जयंती तोंडावर आली होती, ब्लाउजपीस येऊन पडले होते. असला माल उल्हासनगरला जातो, असं मशीन न्यायला आलेला हमालच बोलून गेला होता. मी वहिनींना तिकडे घेऊन गेले. जुन्या मशीनींच्या एका दुकानात त्या थबकल्या. पायट्यावर ट्यूबची पट्टी होती.

दुकानदार सिंधी, म्हातारा. त्याने स्टूल पुढे सरकवलं. "मावशी, आधीच बोलून ठेवतो हां. ही उलटा टाका मारताना अडकते. चाक थोडं डुगडुगतं. चालवून बघा, मग घ्या. एकदा नेली की वापस नाय."

वहिनी मान हलवत स्वतःच्याच मशीनची खोड ऐकत होत्या. मग चपला काढून बसल्या, न बघता सुईत दोरा ओवला आणि चिंधीवर एक सरळ टीप मारली.

"तुमचा हात बसलाय हिच्यावर," तो म्हणाला.

"हो," त्या म्हणाल्या.

किंमत ऐकून त्यांनी कनवटीला लावलेला हात खाली घेतला. मी भांडायला तोंड उघडणार, तोच त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि मला बाहेर आणलं. मी म्हटलं, "अहो, तुमची मशीन आहे ती, सांगायचं तरी!"

"त्याला काय सांगू? त्यानं पैसे मोजून घेतलीय," त्या म्हणाल्या. "आणि त्यानं तर सगळं तोंडावर सांगितलं."

घरी आल्यावर त्यांनी एकही ब्लाउजपीस परत पाठवला नाही. मशीनच्या रिकाम्या जागी पाट टाकून बसल्या आणि पांढरं कापड मांडीवर घेऊन हाताने शिवू लागल्या. धम्मदीप दारात उभा होता. त्याला चहा विचारला, जयंतीला कोणता शर्ट घालणार ते विचारलं. सुई एकसारखी चालली होती, आणि पाटापुढे, उघड्या फरशीवर, त्यांचा पाय वरखाली हलत होता.