हे खरं अपडेट आहे का?

सुधन्वाने लेसरचा लाल ठिपका यादीतल्या अकराव्या नावावर नेला आणि तिथेच राहू दिला. पडद्यावर नाव ठळक दिसत होतं, तरी त्याने ते वाचून दाखवलं. कुमुदिनी मोहरीर, डिझाइन विभाग. मग ठिपका एक ओळ खाली घसरला. वेळ अकरा वाजून सात मिनिटं. पासवर्ड टाकला, दोनदा.

सभा हिंदीत चालली होती, म्हणून त्याने हिंदीतच विचारलं की मॅडम, दोनदा कशाला? तिसऱ्या रांगेतून कुमुदिनीबाई म्हणाल्या, पहिल्यांदा घेतला नाही म्हणून. सगळा हॉल हसला. सुधन्वा हसला नाही. त्याला हसायची गरज नव्हती.

सुधन्वा टिकेकर हा गुरुग्रामच्या एका कंपनीत संगणक सुरक्षेचा प्रमुख होता. कंपनी पानिपतच्या विणकरांकडून गालिचे आणि सतरंज्या विणून घेऊन परदेशी पाठवायची. तो पुण्याहून इथे येऊन चार वर्षं झाली होती, आणि या चार वर्षांत त्याचं एक मत पक्कं झालं होतं. माणसं दोन प्रकारची असतात, समोर दिसेल ते बटण दाबणारी आणि न दाबणारी. आणि पहिल्या प्रकारच्यांना शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ही परीक्षा त्यानेच घेतली होती. 'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, सुरक्षेसाठी ताबडतोब अपडेट करा' अशी बनावट मेल त्याने कंपनीतल्या एकशेचाळीस जणांना पाठवली होती. तिच्यात मुद्दाम दोन चुका ठेवल्या होत्या. डोकं असलेल्याला त्या दिसाव्यात आणि नसलेल्याला दिसू नयेत, म्हणून. अकरा जण फसले. एवढ्या लोकांत अकरा हा आकडा खरं तर वाईट नव्हता. पण ते अकरा सापडले याचा त्याला आनंद झाला होता, आणि तो त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता.

खरं अपडेट कसं ओळखायचं, हेही त्याने सांगितलं. ते मेलमधून येत नाही. एखादं पान उघडल्यावर 'धोका, धोका' म्हणून ओरडत येत नाही. संशय आला तर समोरच्या बटणाला हात न लावता आपण होऊन मशीनच्या सेटिंग्जमध्ये जायचं आणि तिथे तेच अपडेट दिसतंय का ते बघायचं. हे सगळं त्याने एका मिनिटात उरकलं, आणि तेवढा वेळही पडद्यावर ती अकरा नावं तशीच होती.

कुमुदिनीबाईंनी हात वर केला. त्या सुधन्वाशी नेहमी मराठीत बोलायच्या, तशाच आताही बोलल्या.

"अरे सुधन्वा, पण आपल्या मशीनवर खाली कोपऱ्यात एक खिडकी येते ना, ती खरी की खोटी हे कसं कळायचं?"

प्रश्न नेमका होता. खोटी खिडकीही हुबेहूब तशीच काढता येते, आणि तो फरक समजावायला पाच मिनिटं तरी लागली असती. जेवणाची वेळ झाली होती. सुधन्वाने उत्तर सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत दिलं.

"आप तो कुछ भी मत दबाइए, मॅडम. सब सुखी रहेंगे."

या वेळी हशा आणखी मोठा झाला. कुमुदिनीबाईंनी पेनला टोपण लावलं आणि वही मिटली.

त्या दिवसापासून त्या त्याला 'सर' म्हणू लागल्या. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे एकतीस वर्षं दिल्लीच्या सरकारी क्वार्टर्समध्ये काढलेल्या या बाई. ऑफिसातल्या कुठल्याही मराठी पोराला त्या पहिल्या दिवशी अरे-तुरे करायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी थालीपीठ आणायच्या. सुधन्वाने ते चार वर्षं खाल्लं होतं. 'सर' ऐकल्यावर त्याला वाटलं, उशिरा का होईना, बाईंना ऑफिसची रीत कळली.

त्या काय काम करतात, याबद्दलही त्याचं मत ठरलेलं होतं. त्या चौकटीचे कागद स्कॅन करतात. पानिपतचे विणकर नक्षी आधी चौकटीच्या कागदावर रंगवत. बाई ते कागद मागवून स्कॅन करायच्या, प्रत्येक नक्षीला नाव द्यायच्या आणि खाली विणकराचं नाव लिहायच्या. पंधरा वर्षांत चार हजारांवर नक्ष्या झाल्या होत्या. हे काम यंत्र एकटंही करील, असं तो अक्षताला एकदा म्हणाला होता. अक्षता त्याच्या हाताखाली होती. दिल्लीतच वाढलेली, मराठी बोलता बोलता हिंदीवर जाणारी.

जानेवारीतल्या एका सोमवारी, धुक्यामुळे निम्मं ऑफिस अजून वाटेतच असताना, डिझाइन विभागातली एकही फाइल उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावापुढे अनोळखी अक्षरं चिकटली होती आणि पडद्यावर धमकीची एक चिठ्ठी होती. कोणीतरी आत शिरून सगळ्या नक्ष्यांना कुलूप घातलं होतं. दहा दिवसांवर जर्मनीतलं प्रदर्शन आलं होतं.

शोध लागायला मंगळवारची संध्याकाळ उजाडली. अक्षता लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, सर, बिल्कुल पक्कं, शिरकाव मोहरीर मॅडमच्या मशीनमधून झालाय. जी फट वापरली ती बुजवणारं अपडेट ऑक्टोबरमध्येच आलं होतं. मॅडमनी ते घेतलंच नव्हतं. मशीन विचारत राहिलं आणि त्या 'नंतर' दाबत राहिल्या. चौऱ्याहत्तर वेळा.

"पुन्हा तीच बाई," सुधन्वा म्हणाला. त्याला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याचं काही वाटलं नाही.

अक्षताने मग हळूच विचारलं की बाकी सगळ्या कंपनीत अपडेट आपोआप होतं, मग डिझाइनमध्येच बटण माणसाच्या हाती का? तो म्हणाला, बघू. पण त्याला बघायची गरज नव्हती. जूनमध्ये एका अपडेटनंतर डिझाइनचा स्कॅनर बंद पडला होता, मालकांनी सगळ्यांसमोर त्याला झापलं होतं, आणि त्याने त्या विभागाची सातही मशीन आपोआप होणाऱ्या अपडेटमधून काढून टाकली होती. दोन आठवड्यांसाठी. ती परत आत घ्यायची आठवण त्याच्या कॅलेंडरवर दर महिन्याला यायची आणि दर महिन्याला तो ती पुढच्या महिन्यावर ढकलायचा.

मालकांनी शुक्रवारपर्यंत अहवाल मागितला. चूक कोणाची, त्याचं नाव त्यात हवं, असंही सांगितलं.

तो मशीनच्या नोंदींचा छापलेला लॉग घेऊन कुमुदिनीबाईंच्या टेबलापाशी गेला. त्या बंद पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"चौऱ्याहत्तर वेळा तुम्ही 'नंतर' दाबलंत," तो म्हणाला.

"त्याशिवाय ती खिडकी जातच नव्हती, सर."

"ते खरं अपडेट होतं."

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"केव्हा?"

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. रागावून नाही, उगाच वेळ खाणाऱ्या माणसाकडे बघावं तसं. मेल पाहा, एवढंच म्हणाल्या. पकडलं गेलं की सगळे हेच म्हणतात, असं पुटपुटत तो जागेवर आला.

मेलमध्ये काही सापडेना. तेव्हा त्याला आठवलं. सभेच्या दुसऱ्याच दिवशी त्याने एक सोय करून ठेवली होती. त्या अकरा जणांकडून काहीही आलं की ते समोर न येता परस्पर एका वेगळ्या कप्प्यात जाऊन पडावं. कप्प्याला त्याने गमतीने नाव दिलं होतं, 'नग'. त्याने तो उघडला. न वाचलेल्या त्रेसष्ट मेल होत्या.

बाईंच्या त्यात चार. पहिलीत पडद्याचा मोबाइलवर काढलेला हललेला, अस्पष्ट फोटो आणि खाली, 'सर, हे खरं अपडेट आहे का? दाबू का?' दुसरीत तोच प्रश्न, फोटो नीट काढलेला. तिसरी लांब होती. 'सर, मशीन रोज विचारतंय. तुम्ही सांगितलं होतं तसं मी स्वतः सेटिंग्जमध्ये जाऊन पाहिलं, तिथेही हेच दिसतंय. म्हणजे खरं असावं. पण मागे माझ्याकडून चूक झाली होती, म्हणून तुम्ही हो म्हणालात की मगच दाबते.' चौथीत फोटो होता आणि 'सर?' एवढंच.

बाकीच्या एकोणसाठ त्याने उघडल्या. गोदामातले, पॅकिंगमधले, रिसेप्शनवरची मुलगी, सगळे तेच विचारत होते. हे खरं आहे का. हे दाबू का. दोघांनी पाठवलेल्या खिडक्या चक्क बनावट होत्या. त्यांनी त्या दाबल्या नव्हत्या. विचारून थांबले होते.

समोरच्या चहावर साय धरली. कप्पा पुसून टाकता आला असता. त्याने माउस तिथवर नेलाही. पण पुसल्याचीही नोंद राहते, हे त्याच्याइतकं त्या इमारतीत कोणाला ठाऊक नव्हतं. चांगुलपणाने नाही, या हिशेबाने त्याने हात मागे घेतला आणि अहवाल लिहायला घेतला.

एकदा लिहू लागल्यावर मात्र त्याने काही ठेवलं नाही. सात मशीन, जून महिना, दर महिन्याला ढकललेली आठवण, उत्तर न दिलेल्या चार मेल. नावाच्या जागी त्याने स्वतःचं नाव घातलं. वाचून पाहताना त्याला स्वतःबद्दल बरं वाटलं, थोडं भरूनही आलं. मालकांकडे पाठवण्याआधी हे बाईंना दाखवावं, असं त्याला वाटलं. त्या काय म्हणतील तेही त्याने मनात ऐकलं. अरे सुधन्वा, असू दे रे.

गुरुवारी दुपारी तो डिझाइन विभागात गेला. जुन्या नक्ष्यांची ऑगस्टपर्यंतची प्रत दुसरीकडे सुखरूप होती. त्यानंतरच्या तीनशे बारा गेल्या होत्या. कुमुदिनीबाई बुधवारी पहाटेच्या बसने पानिपतला जाऊन आल्या होत्या. स्कॅन झाले म्हणून विणकरांना कागद फेकू द्यायच्या नाहीत, ही त्यांची जुनी खोड होती, आणि त्या खोडीमुळे ते तीनशे बारा कागद शाबूत होते. सगळी फरशी त्या कागदांनी भरली होती. बाई गुडघ्यांवर बसून ते विणकरांप्रमाणे लावत होत्या.

त्याने अहवाल पुढे केला. त्यांनी चष्मा लावला आणि बसल्या जागीच तो पहिल्यापासून वाचला. नावाच्या जागेपाशी त्या थांबल्या नाहीत. दुसऱ्या पानावर मात्र केसांत खोचलेली पेन्सिल काढून त्यांनी एका शब्दाभोवती गोल केला.

"इथे चार लिहिलंय."

"हो. चारच सापडल्या."

"मी सहा वेळा विचारलं होतं. पहिले दोन प्रश्न फोनवर पाठवले होते. त्यांना तुम्ही उत्तर दिलंत, म्हणून मग मेल केल्या. म्हटलं, फोनवर विचारलेलं आवडत नसेल."

"काय उत्तर दिलं होतं मी?"

त्यांनी अहवाल त्याच्या हातात परत दिला.

"तुम्हीच बघा. आणि सर, पाय जरा उचला. रफीकमियांच्या कागदावर उभे आहात."

तो बाजूला झाला. कागदाच्या कोपऱ्यावर बुटाचा ठसा उठला होता. बाईंनी तो पदराने टिपला, कागद स्कॅनरवर ठेवला आणि झाकण लावलं. त्यांच्या लेखी तो खोलीतून निघून गेला होता.

बाहेर येऊन त्याने फोन काढला आणि बाईंच्या जुन्या संदेशांत वर वर जात राहिला. नऊ ऑक्टोबर. पडद्याचा फोटो, खाली प्रश्न. त्याखाली त्याचं उत्तर. अक्षर एकही नव्हतं. हसून हसून डोळ्यांतून पाणी आलेला पिवळा चेहरा. मग बारा ऑक्टोबर. 'सर, खरंच विचारतेय.' त्याखाली तेच चेहरे, या वेळी दोन.

हे आपण पाठवल्याचं त्याला आठवत नव्हतं. कुठे होतो, काय करत होतो, काहीच नाही.

जागेवर येऊन त्याने 'चार'चे 'सहा' केले. शेजारच्या रकान्यात, दिलेले उत्तर, असं विचारलेलं होतं. तिथे त्याने सकाळी 'उत्तर दिले नाही' असं लिहून ठेवलं होतं. ते आता खरं नव्हतं. त्याने ते खोडलं. अक्षताने डोकावून सांगितलं की मालक आजच अहवाल मागतायत. तो म्हणाला, पाच मिनिटं.

रकाना रिकामा होता. 'विनोदाने उत्तर दिले' असं त्याने लिहिलं आणि पुसलं. 'अनौपचारिक प्रतिसाद' लिहिलं, तेही पुसलं. शेवटी त्याने तिथे एकच शब्द ठेवला, 'हसलो', आणि अहवाल पाठवून दिला.