हिरालालचं लॉगिन

तृप्ती शहापूरच्या घरूनच नागपूरच्या एका कंपनीचं काम करायची. कंपनीच्या ॲपवरून शेतकरी मोबाइलनं पंप चालू-बंद करत. कोणत्या फोनला आत घ्यायचं हे ठरवणारी यंत्रणा तृप्ती सांभाळायची.

एका दुपारी नाकाडोंगरीहून तुळसाबाईंचा फोन आला. "बाई, आमचा पंप आपल्या मनानं चालू होऊन राहिला. धानाले पाणी पाहिजे तवाच होते."

"ॲप कोणाच्या फोनमध्ये आहे, काकू?"

"आमच्या घरधन्याच्या, हिरालालच्या. मागच्या पोळ्याआधी ते तलावात बुडाले. फोन खिशातच होता. सापडला नाही."

तृप्तीनं तपासलं. एकदा लॉगिन केलं की फोनला रिफ्रेश टोकन मिळतं; ते जिवंत असेपर्यंत ॲप पुन्हा ओळख विचारत नाही. त्या टोकनांना कोणी मुदतच घातली नव्हती. फोन कुणाला तरी सापडला असेल, असं तिला वाटलं. तिनं सगळ्यांसाठी महिन्याची मुदत लावली आणि हिरालालचं टोकन रद्द केलं.

"आता ओटीपीशिवाय कोणी आत येणार नाही. त्यांचा नंबर कोणाकडे आहे?"

"माह्याजवळ. सिम नवीन काढलं."

"मग ओटीपी तुम्हालाच येईल. कोणाला सांगू नका."

दुसऱ्याच दिवशी ओटीपी आला. मग रोज येऊ लागला. तो विचारायला ना कुणाचा फोन आला, ना कुणी दारात आलं. मागणी कुठून येते ते तृप्तीनं पाहिलं. तोच जुना फोन होता. त्यातलं सिम तर केव्हाच बंद झालं होतं. मग तो नेटवर येत कसा होता, ते तिला कळेना.

काही दिवसांनी पंप पुन्हा चालू झाला. त्या फोनला नवं टोकन मिळालं होतं. तृप्तीनं लगेच फोन लावला.

"काकू, ओटीपी कोणाला दिला?"

"तलावाच्या पाळीवर गेली, अन् मोठ्यानं वाचला."

"तिथं कोणी होतं?"

"नाही. पण त्यायले रोज दाराबाहेर उभं ठेवणं मले बरं वाटत नव्हतं. महिन्यानं पुन्हा ओटीपी पुसन काय?"

"हो."

"मंग पुन्हा जाईन."

तृप्तीनं टोकन रद्द केलं नाही. फोन घरच्याच माणसाकडे आहे, असं तिनं कंपनीला कळवलं. लिहिताना आपण खोटं बोलतोय असं तिला वाटलं नाही, आणि तिला भीती वाटली ती त्याचीच.