बंद काचेतून पाहणी

गाडी घेतल्यापासून काचवाल्यांना वसाहतीत वास येईनासा झाला.

काचवाले हे त्यांचं खरं नाव नव्हे. औद्योगिक वसाहतीतल्या रंगाच्या कारखान्यात ते देखभालीचे सुपरवायझर होते. मेहुण्याची जुनी गाडी त्यांनी घेतली, तिच्या काचा एकदा वर गेल्या त्या पुन्हा खाली आल्या नाहीत, आणि कामगारांनी त्यांना हे नाव चिकटवलं. काचवाल्यांना ते आवडलं. त्यात त्यांना मान दिसला.

त्याआधी ते बायकोबरोबर चालत यायचे. बायको हातमोज्यांच्या कारखान्यात शिलाईला होती. बसथांब्यावरून वसाहतीत शिरायला मागची वाट जवळची. एका अंगाला कारखान्यांच्या मागच्या भिंती, दुसऱ्या अंगाला रंगाचं पाणी वाहणारं गटार, आणि गटारावरच्या निम्म्या फरश्या बेपत्ता. त्या काळात वसाहतीच्या समितीपुढे त्यांच्याइतकं तोंड कुणी चालवत नसे. पायी येणाऱ्यांच्या अंगावर गाड्या येतात म्हणून वाटेच्या सुरुवातीला तीन लोखंडी खांब रोवून घेतले, ते त्यांनीच. त्या तोंडाच्या जोरावर कामगारांनी त्यांना आपला प्रतिनिधी केलं. मग गाडी आली. तोंड तेच राहिलं, वाट बदलली.

बायकोची पाळी त्यांच्या तासभर आधी सुरू व्हायची. तिला सोडायचं तर लवकर उठावं लागणार, आणि पुरेशी झोप आरोग्याला आवश्यक असते असं त्यांनी कुठंसं वाचलं होतं. त्यामुळे ती बसने, मग पायी. ते गाडीने, मोठ्या फाटकातून, दोन्ही बाजूंच्या हिरवळीकडे बघत. एकाच वासात बराच वेळ राहिलं की नाक त्याला सरावतं, हे खरं आहे. पण सरावायलाही आधी वास नाकापर्यंत पोचावा लागतो. काचवाल्यांचं नाक सरावलं नव्हतं, सुट्टीवर गेलं होतं.

त्या वर्षी दुरुस्तीच्या निधीतून एकच काम होणार होतं. मागच्या वाटेवर फरश्या आणि दिवे, नाहीतर मोठ्या फाटकाशी कारंजं. नुकताच पॅकिंगमधल्या मावशींचा पाय गटारात जाऊन घोटा मोडला होता, म्हणून कामगारांना वाटलं की यात ठरवायचं काय आहे. समितीला मात्र ठरवण्यापूर्वी अभ्यास हवा होता. कामगारांना वसाहतीचा परिसर कसा वाटतो हे शोधायला एक अभ्यासक बाई नेमल्या गेल्या. त्या जेवणाच्या सुट्टीत कचेरीतल्या थंड खोलीत बसत आणि येईल त्याच्याशी बोलत. हातमोज्यांच्या कारखान्यातून तिथपर्यंत चालत जाऊन यायचं तर जेवण सोडावं लागे. काचवाले गाडीने गेले.

"परिसर कसा वाटतो, दादा?" बाईंनी विचारलं.

"उत्तम. झाडं आहेत, हिरवळ आहे, रस्ता तर लोण्यासारखा."

"काही जण वासाबद्दल बोलतात."

"बोलणारे बोलतात हो. मन खंबीर लागतं."

बाईंचा चेहरा खुलला. "अगदी हेच. तुमच्यासारख्या माणसांकडे आतली शिदोरी असते. आत्मविश्वास, आशा, चिकाटी. ज्यांच्याकडे ती असते त्यांना हाच परिसर चांगला दिसतो. माझा विषयच तो आहे."

आपण कुणाचा तरी विषय आहोत हे कळल्यावर काचवाले खुर्चीत थोडे रुंद झाले. बाईंनी मग बरंच काही विचारलं. संकटात काय करता, उद्याबद्दल काय वाटतं, स्वतःवर विश्वास किती. कामावर कशाने येता, हे विचारायचं मात्र राहून गेलं. थर्मामीटर चुलीजवळ आहे की खिडकीत हे न पाहता घरातल्या माणसांचा स्वभाव ठरवावा, तसा तो अभ्यास होता. पण तो थंड खोलीत चालला होता, आणि थंड खोलीत सगळंच पटतं.

संध्याकाळी बायको आखडलेली बोटं कोमट पाण्यात बुडवून स्वयंपाकघरात बसली होती.

"त्या बाई म्हणाल्या, माझ्याकडे आतली शिदोरी आहे," काचवाले म्हणाले.

"असेल की. डबा मीच भरते."

"चेष्टा नको. त्यांचं म्हणणं असं, की परिसर एकच असतो. माणसाच्या आत काय आहे त्यावर तो कसा दिसतो ते ठरतं."

"आणि माणूस कशाच्या आत बसलाय, त्यावर?"

काचवाल्यांनी हे ऐकलं नाही असं दाखवलं. तिने हात पुसले. "अहो, ऐका. परवा वसाहतीचे मॅनेजर आणि त्या बाई दोन्ही कामांच्या जागांच्या पाहणीला निघणार आहेत ना? त्यांना पाळी सुटताना मागच्या वाटेने आणा. चालत. आम्ही सगळ्या तिथेच थांबतो. मावशीसुद्धा काठी घेऊन येणार आहेत. कुणी भांडणार नाही. नुसतं त्यांनी त्या फरश्यांवरून एकदा चालावं."

"आणतो की. त्यात काय."

"नक्की?"

"अगं, प्रतिनिधी कोण आहे?"

"तेच आठवून विचारतेय," ती म्हणाली.

पाहणीच्या दिवशी ऊन कडक होतं. वसाहतीचा मॅनेजर डोळ्यांवर हात धरून कचेरीच्या पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "सगळं चालतच बघायचं का?"

काचवाल्यांना बायकोला दिलेला शब्द आठवत होता. पण मॅनेजर आपल्या गाडीत बसलाय, आणि ते अख्ख्या वसाहतीला दिसतंय, हे चित्र त्या शब्दाहून ठसठशीत निघालं. "साहेब, आपली गाडी आहे ना," ते म्हणाले, आणि मागचं दार उघडून अदबीने उभे राहिले.

मग वसाहतीची पाहणी गाडीतून झाली. हिरवळ पाहिली, गोदामं पाहिली, कारंज्याची जागा तर दोनदा पाहिली, कारण वळण तिथेच होतं. शेवटी गाडी मागच्या वाटेशी आली आणि तीन लोखंडी खांबांपुढे थांबली.

"इथे गाडी जात नाही वाटतं," बाई म्हणाल्या.

"खांब आहेत," काचवाले म्हणाले. ते कुणी रोवून घेतले, याची आठवण काढायची ही वेळ नव्हती. "पण इथून दिसतंच की सगळं."

दिसत होतं ते एवढंच. भिंतीच्या बारीक सावलीत पाठ टेकून उभ्या असलेल्या बायका, आणि मधोमध काठीवर भार टाकलेल्या मावशी. गटार त्या कोनातून दिसत नव्हतं, आणि दिसत नाही त्याची पाहणी करता येत नाही.

"वास येतो म्हणतात तो हाच भाग ना?" बाईंनी विचारलं.

मॅनेजरने हवा हुंगली. गाडीत लिंबाच्या वासाची एक पुडी लटकत होती. "मला तरी नाही येत," तो म्हणाला. "तुम्हाला, काचवाले?"

"छे."

तेवढ्यात बायकोने हात वर केला. 'इकडे या' असा तो हात होता, बोटांसकट. काचवाल्यांना वाटलं, आपल्याला मॅनेजरसोबत पाहून ती खूश झाली. त्यांनी हसून हॉर्न वाजवला आणि गाडी वळवली.

त्या दिवशी घरी ती एकच वाक्य बोलली. "मावशींना रिक्षा करून द्यावी लागली." काचवाल्यांनी रिक्षा मिळाली का विचारलं. ती उठून गेली.

महिन्याभरात निर्णय लागला. कारंजं. मागच्या वाटेबद्दल बाईंनी फार सहानुभूतीने मत दिलं होतं. ती वाट ज्यांना त्रासाची वाटते त्यांची आतली शिदोरी कमी पडते, म्हणून त्यांच्यासाठी मनोबल वाढवणारं शिबिर घ्यावं. फरश्यांपेक्षा ते स्वस्त होतं, आणि त्यात कुणाचा घोटा मोडत नाही. दोन्ही पाळ्यांना अर्धा दिवस यंत्रं बंद ठेवून सभागृहात बसवलं गेलं. वसाहतीत इतके कामगार एका छपराखाली एरवी कधीच येत नसत. ती सोय मॅनेजरने आपल्या हाताने करून दिली.

नमुना म्हणून काचवाले बोलायला उभे राहिले.

"मीही एके काळी त्याच वाटेने यायचो," ते म्हणाले. "मलाही त्रास व्हायचा. मग मी माझी नजर बदलली."

"नजर बदलली तेव्हा गाडी कितव्या हाताची मिळाली?" मागून एक फोरमन म्हणाला. सभागृह हसलं. बाईंनीही हसून नोंद घेतली, विनोदबुद्धी हीसुद्धा शिदोरीच.

"कुणाला काही विचारायचंय?" शेवटी बाई म्हणाल्या.

मावशी काठी टेकत उठल्या. "विचारायचं नाही, ठरवायचंय. सगळे आहेतच इथे, तर प्रतिनिधी बदलून घेऊ. काचवाले राहावेत असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

काचवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. इतरांचेही. मग मावशींनी तिचं नाव घेतलं, आणि सभागृहात हातांचं रान उभं राहिलं. काचवाल्यांना भाषणाआधी दिलेलं पाणी अजून अर्धं उरलं होतं. ते त्यांनी पिऊन टाकलं, कारण हातांचं काय करावं ते सुचेना.

घरी जाताना त्यांनी तिला पहिल्यांदाच गाडीत बसायला सांगितलं. ती म्हणाली, "नको. बाकीच्या थांबल्यात."

पुढच्या आठवड्यात सकाळच्या पाळीच्या बायका मागच्या वाटेने आल्याच नाहीत. त्या मोठ्या फाटकात येऊन उभ्या राहिल्या. घोषणा नाहीत, फलक नाहीत. नुसत्या उभ्या, खांद्याला खांदा लावून, डबे हातात धरून. फाटकापुढे गाड्यांची रांग लागली. सर्वांत पुढे काचवाले, त्यांच्यामागे मॅनेजर.

गाडी घेतल्यापासून प्रथमच काचवाल्यांनी काच खाली केली. "अगं, बाजूला हो. मागे साहेब आहेत."

"त्यांच्यासाठीच आलोय," बायको म्हणाली, आणि गाडीला वळसा घालून मागे गेली. "साहेब, पाहणी राहिली होती ती करून टाकू. चालत. तुम्ही जाऊन आलात की आम्ही फाटक सोडतो."

मॅनेजरने मागे पाहिलं. मागे मालाचे ट्रक होते, आणि त्यांचे ड्रायव्हर आता उतरून चौकशा करू लागले होते. तो उतरला. अभ्यासक बाई त्याच्या शेजारच्या सीटवर होत्या, त्याही उतरल्या. त्यांच्या चपला पातळ तळाच्या होत्या.

काचवालेही लगबगीने उतरले. "चला साहेब, मी दाखवतो. ती वाट मला तोंडपाठ आहे."

"तुम्ही कशाला?" मॅनेजर वैतागून म्हणाला. "गाडी मधोमध आहे तुमची. तिच्यापाशी थांबा."

मावशी पुढे, मॅनेजर मागे, बाई त्यांच्या मागे, असा सगळा घोळका भिंतीला वळसा घालून दिसेनासा झाला. थोड्या वेळाने तिकडून मॅनेजरचा आवाज आला, "अरे, इथे तर फरशीच नाही," आणि त्यावर बायकोचा, शांत, "डावा पाय जपून, साहेब."

काचवाले गाडीला टेकून उभे राहिले. एका ट्रक ड्रायव्हरने विचारलं, "काय चाललंय तिकडे?"

"पाहणी," ते म्हणाले. "आमच्या घरचं माणूसच दाखवतंय."