जावयाचा डावा हात

सकाळपासून बघते आहे, आमच्या जावयाचा डावा हात खिशाबाहेर येत नाही. घाम पुसतात उजव्याने, माशा हाकतात उजव्याने, टोपी सावरतात उजव्याने. हेरंबराव एकहाती कधीपासून झाले?

समोर उलुरू. तृषार्त, ताम्रधूसर वाळवंटात एकाकी बसलेली महाशिळा. सूर्य कलेल तशी केशरी, मग शेंदरी, मग फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखी.

जावई दगडमातीचं शास्त्र शिकलेले. म्हणाले, ही शिळा म्हणजे जुन्या डोंगरांची झीज. पाण्याने वाहून आणली, थरावर थर निजले, दाबाखाली दगड झाले. मग धरणीने कूस पालटली आणि निजलेले थर उभे राहिले. लाली म्हणजे लोखंडाचा गंज. आतून सगळं राखाडी.

बाहेरून एक, आतून एक! मी त्यांच्या खिशाकडे पाहिलं.

वाट दाखवणारी डेझीबाई इथल्याच अनंगू लोकांतली. पिकल्या केसांची, शांतगंभीर. ती बोले, माझी लेक वैजू मराठीत सांगे. एका कड्यापाशी डेझीबाई थांबली. "इथली गोष्ट परक्यांना सांगायची नसते." मी मान डोलावली. सोवळ्यातलं आमच्याकडेही असतंच. "इथलं काही नेऊही नका," ती म्हणाली, आणि खिशातला हात आणखी खोल गेला.

या शिळेच्या नावाचंही तेच. कोण गोरा साहेब आला, दुसऱ्याच साहेबाचं नाव हिला चिकटवून गेला. नाव माझंही बदललं, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून. पण त्या ताटापाशी मला बसवलं तरी होतं. हिला कुणी विचारलं?

वैजू नवऱ्याकडे बघेना. तिलाही कळलं होतं. जावयाला बोलायचं नाही, ही आमची रीत. बोलावं तर लेकीच्या संसारात खडा. गिळावं तर माझ्याच घशात दगड.

सावल्या लांबल्या. रक्तवर्ण शिळा, रक्तवर्ण वाळू, रक्तवर्ण वारा. मी पिशवीतून खोबरं-साखर काढली. डेझीबाईने घेतली, वैजूने घेतली. हेरंबरावांचा उजवा हात पुढे आला.

"प्रसाद आहे. डावा खाली धरा."

आला. हळूहळू आला. तळवा लालच लाल, उलुरूच्या धुळीने माखलेला. जणू शिळेनेच मनगट धरून बाहेर ओढलेला.

"काढा तो दगड, जावईबापू. आमची पोर नेलीत ती उंबऱ्यात उभं राहून, मागणी घालून नेलीत. या शिळामाउलीला विचारलंत? न विचारता उचललं, ती चोरी. ठेवा जिथला तिथे. आणि दोन्ही हातांनी ठेवा."