तांब्याची तार

तट्! गिटारची तिसरी तार तुटून तेजरामच्या मनगटावर बसली आणि लेकीच्या हळदीच्या दिवशी बापाच्या तोंडून जे निघू नये ते निघालं.

त्याची बायको मैनाबाई हळद कालवत होती, ती वाटी घेऊनच खोलीत आली. "का झालं?"

"तार तुटली."

"मंग राहू द्या न आता. कोनं सांगतलं होतं तुमाले हे कराले?"

कोणीच सांगितलं नव्हतं. बालाघाटात लालबर्रा रोडवर तेजरामचं मोटार वाइंडिंगचं दुकान. जळालेले पंप उघडायचे, तांब्याच्या तारेचे वेढे मोजून भरायचे, यात अठ्ठावीस वर्षं गेली. गिटार होती लेकीची, मयुरीची. ती नागपूरला नर्सिंगला गेली आणि गिटार कपाटावर चढली. जाण्याआधी ती एक जुनं, संथ इंग्रजी रॉक गाणं शिकत होती, ते अर्ध्यावरच सुटलं. तेजरामला त्यातलं अक्षर कळत नसे, पण सूर कानात बसले होते. लेकीशी गोड बोलणं त्याला जन्मात जमलं नाही. तिचं लग्न ठरलं तेव्हा त्याने मनाशी पक्कं केलं, पोरगी घरातून जायच्या आधी हे गाणं पूर्ण वाजवून दाखवायचं.

मग चार महिने रोज दुपारी शटर अर्धं ओढून, मोबाइलवर बघून त्याने तालीम केली. सूर नाही कळले तर त्याने वेढ्यांसारखे ठोके मोजले. बोटांना घट्टे आधीपासूनच होते. 'एफ' नावाच्या कॉर्डने मात्र घाम फोडला. एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायच्या म्हणजे काय!

आणि आज रविवार, गिटारच्या तारांचं दुकान बंद. पण तारेवाचून तेजराम कधी अडलाय? त्याने आपल्या दुकानातून मोटारीची तार आणली, ताणून बसवली आणि स्वतःवरच खूश होऊन मांडवात गेला.

"बाबा, तुमी?" हळदीने माखलेली मयुरी पाटावरून बघतच राहिली. "चलो भैया, बजाव!" त्याची बहीण रीना ओरडली.

पहिल्या दोन ओळी झकास गेल्या. मग सूर उतरला. त्याने खुंटी पिळली. पुन्हा उतरला. पुन्हा पिळली. मागे कोणी तरी फिस्सकन हसलं. तेजरामचे कान तापले. त्याने गिटार खाली ठेवली.

"नाही होऊन राह्यलं," तो म्हणाला आणि उठू लागला.

मयुरी पाटावरून उठली. "अवो पोरी, पाट नोको सोडू!" बायका ओरडल्या, तरी ती येऊन बापाशेजारी बसली आणि गिटारवर वाकली.

"बाबा, हे मोटारीची तार लावली का तुमी?"

"हौ. तार ते तार."

"तांबं लांबते न बाबा! तुमालेच मालूम नाही?"

आयुष्यभर तांबं ताणणारा माणूस आणि नेमकं हेच त्याच्या डोक्यात आलं नाही! मयुरी खदखदून हसली, मग सगळा मांडव हसला, आणि शेवटी तोही.

"तुमी वाजवा. खुंटी मी पाह्यतो," मयुरी म्हणाली.

तो वाजवत गेला. सूर उतरला की ती पिवळ्या हाताने खुंटी जराशी पिळायची. 'एफ' आला आणि स्वच्छ वाजला. "बाबा, हा तर मलेही नव्हता येत!" मयुरी किंचाळली. गाणं शेवटाला पोहोचलं तेव्हा तेजरामला इतका आनंद झाला होता की टाळ्या वाजतायत हे त्याला उशिराच कळलं. सासरी जाताना मयुरीने गिटार नेली नाही. "तुमचीच आहे आता," म्हणाली.

आठवड्याने त्याने खरी तार आणली. तांब्याची तार काढताना दिसलं, खुंटीवर हळदीचा अंगठा उमटलाय. मैनाबाई पदराने पुसायला गेली.

"राहू दे," तेजराम म्हणाला, आणि खुंटी नुसती कडांना धरून त्याने नवी तार चढवली.