झाडावरचा कागद

बाळकुमच्या आमच्या रहिवासी संघाची मी सेक्रेटरी. रस्ता रुंद करायला आमच्या गल्लीतली अकरा झाडं जाणार, हे मला सकाळी करवतीच्या आवाजाने कळलं. तशीच चपला अडकवून, खजिनदार नयनला घेऊन पालिकेत गेले.

"नोटीस न लावता झाडं तोडताच कशी?" मी टेबलावर हात आपटला.

क्लार्क शांत होता. "लावलेली ना मॅडम, प्रत्येक झाडावर. हरकतीला सात दिवस होते. एकही आली नाही."

"खोटं बोलतोय तो," मी रिक्षात बसताना म्हणाले. "आपण रोज तिथूनच जातो. दिसली नसती?"

नयन मोबाईलवर आमच्या ग्रुपचे जुने फोटो बघत होता. दर रविवारी आम्ही झाडांवर ठोकलेल्या जाहिराती काढतो, खिळे उपटतो. नियम माझाच: कागद दिसला की काढायचा, वाचत बसायचं नाही.

त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. दोन रविवारांपूर्वीच्या फोटोत मी हसत उभी होते. हातात एकसारख्या कागदांचा गठ्ठा, वर पालिकेचा शिक्का. खाली मीच लिहिलेलं, 'आज अकरा झाडं वाचवली.'