काळुरामचा खाकी शर्ट

"साहेब, ह्या खोक्यावर काय काय लिवलंय ते सगलं वाचा बरं," काळुराम म्हणाला आणि ब्रेक लायनरचं खोकं त्यानं पेंडशांच्या नाकासमोर धरलं.

त्र्यंबक पेंडसे ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि मोटरसायकलचा मागचा ब्रेक करून घ्यायला आले होते. कपाळावरचा चष्मा नाकावर घेत ते म्हणाले, "का रे, डुप्लिकेट माल आला की काय? माझी राजदूत मागचं वर्षभर कोंबड्यासारखी आरवत होती, ती त्यामुळेच का?"

"डुप्लिकेट नाय. तुमी वाचा."

१९९३ सालचा मार्च होता. काळुराम भोईरचं दुकान कोलशेत रोडला बदामाच्या झाडाखाली होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, एक बाकडं आणि लायनरच्या रिकाम्या खोक्यांची रास. खोक्यांत नट, बोल्ट, स्प्रिंगा भरलेल्या. बाप मिठागरावर राबला, होती ती जमीन कारखान्यात गेली, आणि काळुराम ठाण्यात एका उस्तादाच्या हाताखाली ब्रेकचं काम शिकला. इंजिनाला तो हात लावायचा नाही. "गाडी पलवनारे पुष्कल हायेत, मी थांबवनारा," असं ऐटीत सांगायचा.

ऐट खोटी नव्हती. बाकीचे मेकॅनिक जुना लायनर काढून नवा बसवून पंधरा मिनिटांत गिऱ्हाईक वाटेला लावत. काळुराम आधी दोन-तीन जोड समोर मांडून प्रत्येकावर नखानं टकटक करायचा. फार कडक असेल तर चाकातला ब्रेकचा ड्रम खाणार आणि किंचाळणार, फार मऊ असेल तर सहा महिन्यांत संपणार. जोड पसंत पडला की ड्रमला आतून खडू फासायचा, लायनर बसवून चाक फिरवायचं, आणि लायनरवर जिथं खडू उमटला असेल तेवढीच जागा काचपेपरनं घासायची. मग पुन्हा खडू, पुन्हा घासणं, सगळा लायनर सारखा पांढरा होईपर्यंत. यात तासभर जायचा. गिऱ्हाईक वैतागायचं, चार शब्द बोलायचं, आणि पुढच्या वेळी परत इथंच यायचं.

घासताना धूळ निघायची. उस्तादानं सांगितलं होतं, की ब्रेकला पाणी लावायचं नाही आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर धूळ उडवायची नाही. मान वळवायची, श्वास रोखायचा आणि ड्रम स्वतःच्या पोटाशी धरून ठोकायचा. बावीस वर्षं काळुरामनं हे इमानानं पाळलं. त्याला साधा खोकलाही नव्हता. सगळी धूळ खाकी शर्टावर पडायची.

पेंडसे वाचू लागले. "कंपनीचं नाव. मग हा नंबर. राजदूत, मागचं चाक. एक जोड. बास, एवढंच."

"एवडंच? दुसरा कायच नाय?"

"नाही रे."

काळुरामचा चेहरा एकदम सैल पडला. "मंग त्याला काय कलतंय," तो स्वतःशीच म्हणाला आणि बाकड्यावर बसला.

तो म्हणजे आदल्या दिवशीचा डॉक्टर. काळुरामची बायको सगुणा सात महिने खोकत होती. गावातल्या डॉक्टरनं टीबीच्या गोळ्या दिल्या, त्या तिनं नेमानं घेतल्या आणि ती आणखी वाळली. शेवटी ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात तिच्या छातीतून बाटलीभर पाणी काढलं आणि एक तुकडा तपासायला पाठवला. काल तिथल्या तरुण डॉक्टरनं रिपोर्ट बघून तिला विचारलं, "मावशी, तुम्ही कुठल्या कंपनीत कामाला होतात?"

"मी? मी घरातच."

मग डॉक्टर काळुरामला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला. काय काम करता, धूळ कसली, कपडे कोण धुतं, असं एकेक विचारत गेला. काळुरामनं सगळं खरं सांगितलं. शर्ट सगुणा धुवायची. पण तसाच भिजवला तर बादलीत काळा चिखल व्हायचा, म्हणून आधी दाराच्या चौकटीवर आपटून, मग दोन्ही हातांनी झटकून, मगच पाण्यात. रोज संध्याकाळी, लग्न झाल्यापासून.

डॉक्टर खाली बघत म्हणाला, "त्या धुळीनंच झालंय हे. छातीच्या आवरणाचा कॅन्सर आहे. पाणी भरेल तसं काढत राहू. त्रास कमी होईल तेवढं करू."

"किती दिवस?"

"गणपतीपर्यंत."

"शर्ट धुवायचा बंद केला तर?"

"काका, आता त्यानं काहीच फरक पडणार नाही."

रात्रभर काळुराम मनात भांडत होता. धुळीनं व्हायचं तर आपल्याला व्हायला पाहिजे होतं, हा त्याचा मुद्दा होता. आणि एवढं विषारी असेल तर कंपनी खोक्यावर लिहिल्याशिवाय राहील का? सकाळी पहिलं इंग्रजी वाचणारं गिऱ्हाईक येईपर्यंत त्याला धीर नव्हता.

आता खोक्यावर काही नव्हतं. डॉक्टर चुकला होता. काळुराम पाना घेऊन उठला सुद्धा. पण पेंडशांचं आयुष्य कागदाची मागची बाजू बघण्यात गेलेलं. त्यांनी खोकं उलटं केलं, तळाशी चिकटवलेली चिठ्ठी नखानं सरळ केली आणि सवयीनं मराठी करत मोठ्यानं वाचली, "यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे. धूळ उडवू नये. धूळ श्वासातून आत जाऊ देऊ नये. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत." मग त्यांनी मान वर केली. "अरे, तुला खोकला वगैरे नाही ना काळुराम?"

काळुराम राशीतलं एकेक खोकं ओढून त्यातले नट-बोल्ट जमिनीवर ओतू लागला. "ह्याच्यावर बगा. आनि ह्याच्यावर?" जुन्या खोक्यांवर काही नव्हतं. गेल्या पाच-सहा वर्षांतल्या प्रत्येक खोक्याच्या तळाशी तीच चिठ्ठी होती. पाच-सहा वर्षं तो त्यात स्प्रिंगा ठेवत होता. पेंडसे वाचून वाचून थांबले आणि झालंय काय ते त्यांनी विचारलं, तेव्हा काळुरामनं दोन वाक्यांत सगुणाचं सांगितलं.

पेंडशांनी हातातलं खोकं बाकड्यावर ठेवलं. "आज राहू दे," ते म्हणाले. "घासू नकोस. आहे तसाच बसव."

काळुरामनं खडू न लावता, न घासता लायनर बसवला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. मग रिवाजाप्रमाणे स्वतः गाडी घेऊन निघाला. दुकानासमोर रस्त्यावर त्यानं चुन्याची रेघ मारलेली होती. त्या रेघेवर गाडी थांबल्याशिवाय तो मालकाला चावी देत नसे. आज गाडी रेघ ओलांडून हातभर पुढं गेली.

"चालेल, चालेल," पेंडसे म्हणाले. "मी हळू चालवीन." काळुरामनं मान खाली घालून चावी दिली. त्याला लाज वाटली, आणि अशा वेळीही लाज वाटते याची आणखी लाज वाटली.

संध्याकाळी खाडीकडून घरी जाताना त्यानं शर्ट काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला. पिशवी खाडीत टाकून द्यायची असं ठरवून तो काठावर उभाही राहिला. पण उद्या दुसऱ्या शर्टावर तीच धूळ बसणार होती, आणि ब्रेकशिवाय दुसरं काम त्याला येत नव्हतं. पिशवी घेऊन तो बनियनवरच घरी आला.

सगुणा ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. पोरींची लग्नं झालेली, घरात दोघंच. पाणी काळुराम भरायचा, भाकऱ्या शेजारची मनुबाई थापून द्यायची. सगुणाकडे शर्ट तेवढा उरला होता. तो तिनं कुणाला दिला नव्हता.

"असे उगडेच आयलाव?" तिनं विचारलं. "शर्ट कुटं हाय?"

"पिशवीत. मीच धुवीन आज."

"का?"

"तू दमतेस."

"इतके दिस नाय दमली ती?" एवढं बोलून तिला खोकला आला. तो ओसरेपर्यंत काळुराम उभा राहिला. सांगावं असं त्याच्या अगदी तोंडाशी आलं होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझ्याच हातानं, माझ्याच शर्टानं, रोज संध्याकाळी, असं? ती पदरानं तोंड पुसून हळूच म्हणाली, "डाक्तरनं सांगितला काय, माजा हात लावू देव नको म्हनून? माजा रोग लागंल तुमाला?"

"नाय गं. तसा नाय."

"मंग द्या की. माजा हात लागलेला नको झायला तुमाला. बोला ना सरल."

ती रडत नव्हती. नुसती बघत होती. बावीस वर्षांत तिनं एवढ्या परक्या नजरेनं त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. काळुरामला डॉक्टरचे शब्द आठवले, काहीच फरक पडणार नाही. त्यानं पिशवीची गाठ सोडली आणि शर्ट तिच्या हातात दिला.

सगुणाचा चेहरा लगेच खुलला. चौकट धरून ती उठली. तिनं शर्ट दोनदा चौकटीवर आपटला, मग दोन्ही खांद्यांना धरून झटकला. समोरून येणाऱ्या उतरत्या उन्हात करडी धूळ उठली आणि दारात तरंगत राहिली.

"बाजूला व्हा, डोल्यांत जाईल," ती म्हणाली.

काळुराम दारातून हलला नाही. उस्तादानं शिकवल्याप्रमाणे त्याची मान आपोआप वळायला लागली होती. ती त्यानं सरळ केली, सगुणाच्या अगदी समोर उभा राहिला आणि छाती भरून श्वास घेतला.